बिल्ला काढून बोला

त्या दिवशी रूपालीच्या हातात मोबाईल होता आणि दोन वाजायला दहा मिनिटं कमी होती.

अमरावतीच्या विभागीय कार्यालयाचं फाटक, फाटकाशी जुना कडुनिंब आणि त्याच्या सावलीत जमलेली शंभरेक माणसं. जेवणाची सुट्टी होती, कर्मचारी संघटनेची द्वारसभा चालली होती. अकोल्याहून आलेला एक उंच, सावळा तरुण पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर उभा राहून बोलत होता. छातीवर संघटनेचा लाल-पांढरा बिल्ला. आवाज असा, की रस्त्यापलीकडचा रसवंतीवालाही चरक थांबवून ऐकत होता.

"एक माणूस तीन टेबलं सांभाळून राहिला. रिकाम्या खुर्च्या आपण रोज पुसून ठेवतो. खुर्चीवरची धूळ जाते, पण खुर्चीवर माणूस काही येत नाई..."

लोक हसले. रूपालीला मात्र हसू येईना. तासाभरापूर्वीच अधीक्षक भुयार साहेबांनी तिला टेबलापाशी बोलावून बजावलं होतं, "मेहरे मॅडम, नवीन परिपत्रक वाचलं ना? संघटनेचं काय करायचं ते सुट्टीत करा, नाही तर स्वतःची रजा टाकून करा. पगाराच्या वेळेतलं एक मिनिटही द्यायचं नाही. दोन वाजले की खाली जाऊन सभा थांबवा."

"मी?"

"आस्थापनेचं टेबल तुमच्याकडे आहे. मग काय मी जाऊ?"

आता ही रूपाली म्हणजे मोठी गमतीची मुलगी. समोर एकच माणूस असला तर तिची जीभ कातरीसारखी चालायची. फुलबाजारात वडिलांच्या शेजारी बसून तिनं भल्याभल्या हारवाल्यांना गप्प केलं होतं. पण दोनाची तीन माणसं झाली की जीभ टाळूला चिकटायची. शाळेत पंधरा ऑगस्टच्या भाषणाला उभी राहिली होती, तेव्हा 'आदरणीय' या शब्दाच्या पुढे ती कधी गेलीच नाही.

मोबाईलवर दोन वाजले. शंभर माणसांच्या मागे ती उभी होती. आवाज फुटेना. शेवटी काहीच सुचेना तेव्हा तिनं, वर्गात उत्तर येत असलेल्या मुलीसारखा, हात वर केला.

"...म्हनून माह्यं शासनाले एवढंच सांगणं आहे का—"

तो थांबला. शंभर डोक्यांवरून त्याची नजर त्या वर केलेल्या हातावर आली. मग हाताखालच्या चेहऱ्यावर. तिथे जरा जास्तच रेंगाळली.

"दोन वाजले का, मॅडम?"

रूपालीनं मान हलवली.

"तं मंडळी, शासनाले काय सांगायचं ते पुढच्या महिन्यात सांगतो. तोपर्यंत शासनानं दम धरावा."

हशा पिकला, लोक पांगले. तो ओट्यावरून खाली उतरला, छातीवरचा बिल्ला दोन्ही हातांनी काढला आणि खिशात टाकला. भांडणाची सगळी तयारी करून आलेली रूपाली तशीच उभी राहिली. भांडायला दुसरं माणूस लागतं, ते इथे नव्हतंच.

दुपारभर ती खिडकीतून पाहत होती. तो त्याच कडुनिंबाखाली बाकावर बसून होता. कधी पुस्तक वाचे, कधी चहा पिई. कार्यालयात काम करणारी मैनाबाई पाण्याचा ग्लास ठेवायला आली आणि खिडकीतून डोकावून म्हणाली, "अवं, तो अकोल्याचा तायडे अजून गेला नाई? सभा तं कवाच सरली."

सव्वासहाला रूपाली खाली उतरली तेव्हा तो उठून पुढे आला. हातात एक कागद.

"मॅडम... पुढच्या महिन्याच्या सभेचा... म्हंजे परवानगीचा... अर्ज."

दुपारी शंभर माणसांना हलवणारा आवाज आता सायकलच्या पंक्चर चाकासारखा निघत होता. रूपालीच्या ते ध्यानात आलं आणि एकाएकी तिला हलकं वाटलं. समोर एकच माणूस होतं.

"अर्ज द्यायले एवढा वेळ बसून राहिले? वर येऊन द्यायचा ना."

"माही आज रजा आहे. पण तुमची नव्हती ना. मी वर आलो असतो तं तुमचा पगाराचा वेळ संघटनेसाठी घेतला असता. परिपत्रकात..."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. थट्टा करतोय का, हे चेहऱ्यावर शोधलं. थट्टा नव्हती.

"अन् आता सव्वासहा वाजले," ती म्हणाली. "आवक बंद झाली. अर्ज आता घेता येत नाई."

"मग?"

"मग काय, तुमीच सांगा. तुमी नियमाचे माणूस."

त्यानं फार गंभीरपणे विचार केला. "उद्या तुमच्या जेवणाच्या सुट्टीत येऊ का?"

"सुट्टीत मी काम करत नाई."

"नका करू. मी अर्ज टेबलावर ठेवतो. दोन वाजले का तुमी उचला."

"अन् तोवर?"

"तोवर..." तो अडखळला. बस पकडायला वळला आणि वळता वळता म्हणाला, "तोवर तुमी जेवा."

दुसऱ्या दिवशी तो खरंच आला. अकोल्याहून मूर्तिजापूरमार्गे धक्के खात, आणखी एक रजा टाकून. अर्ज टेबलाच्या मधोमध ठेवला, वर पेपरवेट ठेवला, आणि स्टुलावर अवघडून बसला. रूपालीनं डबा उघडला. भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा, मेथीची भाजी. तिनं अर्धी भाकर मोडून झाकणात ठेवली आणि झाकण अर्जाच्या बाजूनं पुढे सरकवलं. दोन वाजता तिनं अर्ज उचलून शिक्का मारला. तो उठला.

"ठेचा... चांगला होता," तो म्हणाला. एवढं वाक्य जुळवायला त्याला अर्धा तास लागला होता.

असं ते सुरू झालं. सभा महिन्यातून एकदा, पण सभेला लागून कामं कितीतरी निघायची. परवानगीचा अर्ज, अर्जाची पोच, पोचेवरची तारीख. ज्या कामाला पूर्वी दोन मिनिटं लागायची त्याला अश्विन तायडे आता दोन खेपा घालू लागला. वर्षाच्या आठ किरकोळ रजा. लोक त्या लग्नकार्याला, आजारपणाला राखून ठेवतात. हा त्या एसटीच्या खिडकीत बसून उधळत होता.

थंडी सरली. कार्यालयात कूलर लागले, वाळ्याचा ओला वास टेबलाटेबलांवरून फिरू लागला. रूपालीच्या वडिलांचा वलगावच्या वाटेवर मोगऱ्याचा मळा होता. ती ओल्या रुमालात मूठभर कळ्या आणून टेबलावर ठेवी आणि निघताना त्यातल्या चार त्याच्या हातावर. तो त्या बिल्ल्याच्याच खिशात टाकी.

"अर्ज पोस्टानं बी येते, तायडे साहेब," एकदा ती म्हणाली.

"पोस्टावर भरवसा नाई."

"तुमचे बाबा पोस्टात होते ना?"

"म्हनूनच."

ती इतकी हसली की मैनाबाईनं दारातून डोकावून पाहिलं.

एक गोष्ट रूपालीनं हेरली होती. बिल्ला छातीवर असला की हा माणूस वाघ. साहेबाच्या डोळ्याला डोळा देऊन बोलायचा. तालुक्याच्या कार्यालयात बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं, ते यानंच भांडून बांधून घेतलं होतं. बिल्ला निघाला, की वाघाचा ससा. मग तो तिच्याशी बोलताना स्टुलाच्या पायाकडे पाही. आणि तरीही हल्ली तो दोन वाजायच्या दहा मिनिटं आधीच बिल्ला काढून ठेवू लागला होता.

"अजून सुट्टी सरली नाई," ती म्हणाली. "बिल्ला काहून काढला?"

"ही दहा मिनिटं संघटनेची नाईत."

"मग कोनाची?"

स्टुलाच्या पायाकडे पाहत तो म्हणाला, "ते... पुढच्या महिन्यात सांगतो."

"तोवर मी दम धरू?"

त्याचे कान लाल झाले. कूलर घरघरत राहिला.

एप्रिलातल्या एका बुधवारी तो सरकारी कामानं आला होता. रजा नव्हती, अकोल्याचे कागद पोचवायचे, मग परत जायचं. सकाळीच ते काम उरकलं. सुट्टीत सभा झाली. सभेनंतर दहा मिनिटं उरली तेव्हा तो वर आला. बिल्ल्याकडे गेलेला त्याचा हात मधेच थांबला; आज डबा उघडलेला नव्हता.

"काय झालं?"

"रविवारी पाहुणे येऊन राहिले," रूपाली म्हणाली. "मले पाहाले."

तो उभाच राहिला.

"पोरगा बँकेत आहे म्हणे."

"बँकेत... चांगलं असते," तो म्हणाला, आणि जिना उतरून गेला.

रूपालीनं रुमालातल्या कळ्यांकडे पाहिलं. चांगलं असते म्हणे. तिनं डबा न उघडताच पिशवीत टाकला आणि कागद पुढे ओढले.

दोन वाजून गेले, अडीच झाले. आणि पावणेतीनच्या सुमाराला तो पुन्हा टेबलाशी उभा होता. केस विस्कटलेले, घामाघूम. कडुनिंबाखाली उन्हात येरझारा घातल्या असाव्यात.

"मग तुमी काय ठरवलं?" तो म्हणाला. एवढंच.

रूपालीच्या काळजात काहीतरी लख्ख झालं. पण त्याच क्षणी तिची नजर त्याच्या छातीवर गेली. बिल्ला तसाच होता. दोनच्या ठोक्याला बिल्ला काढणारा हा माणूस, तो काढायचाच विसरला होता.

"बिल्ला," ती पुटपुटली. "आधी बिल्ला काढा. जा तुमी. मग बोलू."

त्यानं छातीवर हात नेला, पण उशीर झाला होता. भुयार साहेब दारात उभे होते. पावणेतीन वाजता, ड्युटीवरचा माणूस, छातीवर बिल्ला, आस्थापनेच्या टेबलाशी, आणि बाजूला आणखी दोन कारकून उभे. त्यांना आणखी काय लागतं?

शुक्रवारी मैनाबाईनं बातमी आणली. मोठ्या साहेबांच्या दालनात फाईल नेता-आणता तिला सगळं कळायचं.

"त्याले नोटीस गेली होती. जवाब आला. म्हणते, बिल्ला होता हे खरं आहे, कारण सांगत नाई. बस. आता बाई, इथल्या सभा बंद होतात अन् त्याची बदली होते धारणीले. सोमवारी साहेब सही करतात." तिनं ग्लास ठेवला आणि आवाज खाली आणला. "कारण काय होतं ते मले माहीत आहे. तुले बी माहीत आहे."

धारणी म्हणजे मेळघाटाच्या पार वर, घाट चढून. तिथून सुट्टीत अर्ज द्यायला येता येत नाही.

संध्याकाळी रूपालीनं मळ्याच्या कडेला उभं राहून फोन लावला.

"जवाब असा काहून दिला?"

"खरं तेच दिलं."

"अर्धं दिलं."

"उरलेलं अर्धं तुमचं होतं, मॅडम. तुमाले न विचारता कसं देऊ?"

"मग विचारा ना."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. त्याच्या आईचा, केशरबाईंचा आवाज आला, "अश्विन, कोनाचा फोन आहे?"

"ऑफिसचा."

"आता ऑफिसचा?"

"मी ऑफिस आहे का?" रूपाली म्हणाली.

"नाई... तसं नाई..." तो बहुधा अंगणात आला, आवाज मोकळा झाला. "ऐका, मॅडम. आमी बौद्ध आहो. विहारात जाणारी माणसं. तुमी साहेबापुढं माह्यं नाव घेतलं, ते तुमच्या घरी कळलं, तं तुमाले काय काय ऐकून घ्या लागन याचा विचार केला का? धारणीले बी माणसंच राहतात. मी जातो."

"शंभर माणसाइसाठी भांडता तुमी. एकटीसाठी भांडता येत नाई?"

मग अगदी हळू आवाज आला, "बिल्ला लावू का?"

डोळ्यांत पाणी असताना हसू कसं येतं, ते रूपालीला तेव्हा कळलं.

शनिवारी उजाडायच्या आधी बापलेक मोगऱ्याच्या ओळीत होते. मोगऱ्याच्या कळ्या ऊन लागायच्या आत तोडाव्या लागतात. शालिकराम मेहरेंची बोटं अंधारातही चुकत नसत. रूपाली शेजारच्या ओळीत होती.

"बाबा, उद्या त्या लोकाइले येऊ नका म्हणा."

बोटं थांबली नाहीत. "काहून? पोरगा बँकेत आहे."

"मले दुसरा एक आवडते."

"कोनाचा?"

"अकोल्याच्या तायडेंचा. त्याचे बाबा पोस्टमन होते. बौद्ध आहेत."

आता मात्र बोटं थांबली. दूर कुठेतरी पंप सुरू झाला.

"तुही आई दोन दिवस जेवाची नाई."

"माहीत आहे."

"कुंदन तुह्या अंगावर येईन. भाऊ आहे तो."

"येऊ द्या." तिनं श्वास घेतला. "सोमवारी साहेबापुढं मले खरं सांगायचं आहे, नाई तं त्याची बदली होते. तुमाले बाहेरून कळू नये म्हनून आधी तुमाले."

"म्हंजे तू विचारून नाई राहिली. सांगून राहिली."

"विचारून बी राहिली."

"मी हो म्हटलं नाई."

"नाई तरी म्हटलं का?"

शालिकराम पुन्हा वाकले. "कळ्या तोड. ऊन चढलं का उमलून जातात. मग कोनी हात लावत नाई."

टोपल्या भरल्या. पूर्वेला तांबडं फुटलं. त्या उजेडात तिला वडिलांचा चेहरा दिसला; तो रागावलेला नव्हता, थकलेला होता. टोपली डोक्यावर घेताना त्यांनी विचारलं, "पोट्टा बोलते कसा?"

"सगळ्याइसाठी लय भारी बोलते. सोतासाठी तोंड उघडत नाई."

बांधावरून परतताना शालिकराम आणखी एक वाक्य बोलले. ते रूपालीनं ओढणीच्या टोकाला गाठ मारल्यासारखं जपून ठेवलं.

पाहुण्यांना निरोप गेला. माणिकबाईनं, म्हणजे तिच्या आईनं, खरंच ताट सारलं. कुंदन दोन दिवस बहिणीशी बोलला नाही, पण सोमवारी सकाळी तिची स्कूटी सुरू होईना तेव्हा मुकाट्यानं येऊन किक मारून दिली.

मोठे साहेब म्हणजे उपसंचालक. निवृत्तीला आलेले, चष्मा कपाळावर ठेवून शोधणारे. रूपालीनं त्यांच्यासमोर एक कागद ठेवला.

"हे काय?"

"दुपारनंतरची अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा, सर. मंजूर करा, मग सुट्टीत येऊन बोलते."

"बोलायला रजा कशाला?"

"जे बोलायचं ते खाजगी आहे. पगाराच्या वेळेत बोलले तर भुयार साहेबांना आणखी एक नोटीस काढावी लागेल."

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर आणला, तिच्याकडे पाहिलं आणि सही केली.

जेवणाच्या सुट्टीत ती दालनात गेली तेव्हा तिथे साहेब होते, भुयार होते आणि पाण्याचे ग्लास ठेवून न गेलेली मैनाबाई होती. तीन माणसं. रूपालीची जीभ टाळूला चिकटली. तिनं तोंड उघडलं, मिटलं. आणि मग तिला काहीच सुचेना तेव्हा तिचा हात, त्या दिवसासारखा, आपोआप वर गेला.

"मॅडम, हात कशाला वर केलात?" साहेब चकित झाले.

रूपालीला कडुनिंब आठवला, शंभर डोक्यांवरून आलेली ती नजर आठवली. तिला हसू फुटलं, आणि हसण्याबरोबर आवाजही.

"सर, त्या दिवशी तायडे माझ्या टेबलाशी आले ते संघटनेसाठी नाही. माझ्यासाठी आले होते. मला पाहायला पाहुणे येणार हे त्यांना सुट्टीत कळलं. मी काय ठरवलं, एवढं विचारायला ते परत आले. बिल्ला काढायचं भान राहिलं नाही. ते कधी विसरत नाहीत. त्या दिवशी विसरले."

"आणि ते दोन कारकून?" भुयार म्हणाले. "ते तिथे जमले होते."

"ते कूलरपाशी उभे होते, साहेब. एप्रिल आहे."

"खरं आहे," मैनाबाई म्हणाली. कोणी तिला विचारलं नव्हतं. "बिल्ल्यात तायडे लय कडक असते, साहेब. त्या दिवशी पार पातळ झाला होता. सभा घ्याच्या लायकीचा नव्हता तो."

साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. बराच वेळ पुसला.

"म्हणजे कामाच्या वेळेत खाजगी बोलणं. तेही नियमात बसत नाही, मॅडम."

"नाही बसत. त्यांची अर्ध्या दिवसाची रजा कापा. माझीही कापा."

"तुमची तर तुम्ही आधीच दिलीत." साहेब भुयारांकडे वळले. "परिपत्रकानं संघटनेचं काम अडवता येतं, भुयार. याला माझ्याकडे परिपत्रक नाही. तायडेंची अर्धी रजा घ्या, दोघांना समज द्या. बदलीचा कागद परत न्या. सभेची परवानगी आहे तशी राहू द्या." ते थांबले. "फक्त दोन वाजता वेळ सांगायला दुसरं कोणी शोधा. या आता तटस्थ राहिल्या नाहीत."

बाहेर आल्यावर रूपालीनं टेबलावरची पर्स उचलली. अर्धा दिवस हातात होता आणि स्वतःचा होता. तिनं वडिलांना फोन करून सांगितलं की आज अकोल्याला मावशीकडे मुक्काम करते. "मावशीकडं?" शालिकराम म्हणाले, आणि मग, "जाय. पण ते सांगजो त्याले." ती बसस्थानकावर आली आणि अकोल्याच्या गाडीत बसली.

खिडकीतून ऊन आत येत होतं. मूर्तिजापूरला कोणीतरी काकड्या विकायला चढलं. ज्या रस्त्यानं तो इतक्यांदा आला होता तो रस्ता ती आज प्रथमच त्याच्या डोळ्यांनी पाहत होती. केवढा लांब आहे हा... तिला वाटलं. आणि येताना हा माणूस बोलायचं काय ते जुळवत येत असेल, आणि टेबलाशी पोचेपर्यंत सगळं सांडून जात असेल.

अकोल्याच्या त्याच्या कार्यालयासमोर पिंपळ होता, पिंपळाखाली चहाची टपरी. ती बाकावर बसली. पहिल्या मजल्याच्या खिडकीत एक डोकं दिसलं, गेलं, पुन्हा दिसलं. मैनाबाईचा फोन त्याला पोचला असणार. पण तो खाली आला नाही. ती थांबली. दुसरा चहा घेतला. टपरीवाल्यानं विचारलं, "कोनाची वाट पाहून राहिल्या, ताई?"

"सव्वासहाची," ती म्हणाली.

सव्वासहाला तो जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरला. पण रस्ता ओलांडता ओलांडता चाल मंदावली, आणि बाकापाशी पोचेपर्यंत त्याचा ससा झाला.

"तुमी... इथी?"

"अर्ज द्यायले आली."

"आवक बंद झाली."

"म्हनून तं थांबली."

तो हसला. मग हसू गेलं. "तुमी साहेबापुढं... समदं सांगितलं म्हने. घरी?"

"घरी आधी सांगितलं."

तो तिच्याकडे पाहत राहिला. या वेळी स्टुलाचा पायच नव्हता, नजर ठेवायला दुसरी जागा नव्हती. मग त्याचा हात हळूच खिशात गेला. बिल्ला बाहेर आला. बिल्ल्याच्या टाचणीत मोगऱ्याची एक वाळकी, तपकिरी कळी अडकली होती. वास अजून थोडा होता. तो बिल्ला छातीकडे नेऊ लागला.

रूपालीनं मधेच हात धरून थांबवला आणि बिल्ला आपल्या मुठीत घेतला.

"बिल्ला काढून बोला."

"मग... जमत नाई मले."

"मले तीन माणसाइपुढं जमलं आज. तुमच्यापुढं तं एकच आहे."

रस्त्यावरून रिक्षा गेली, सायकली गेल्या. टपरीवाल्यानं उगीच फडकं मारलं.

"त्या दहा मिनिटाइचं सांगायचं राहिलं," अश्विन म्हणाला. आवाज कापत होता, पण थांबला नाही. "ती तुमची होती. पह्यल्या दिवशी हात वर केला तवापासून. माह्या सगळ्या रजा तुमच्याच होत्या. मले तुमी लागता, रूपाली. मॅडम नाई... रूपाली."

रूपालीची मूठ घट्ट झाली. टाचणी टोचली तरी तिनं ती सैल केली नाही.

"आता तुमचं काय ते सांगा," तो म्हणाला.

"माह्यं मी साहेबाच्या दालनात सांगितलं. नोंद झाली असन." मग तिला त्याची दया आली. "हो म्हनते, अश्विन. केव्हाचीच."

तो बाकावर तिच्या शेजारी बसला, मधे बिल्ल्याएवढी जागा ठेवून.

"तुमचे बाबा?" त्यानं हळूच विचारलं.

"हो म्हटलं नाई. नाई बी म्हटलं नाई." मग तिनं ओढणीची ती गाठ सोडली. "बांधावर म्हणाले, घरात बसवून चहा पाजला तं तो पोट्टा मुकाच बसन. आमच्यात बोलणं होते ते कामाच्या वेळी, हात चालू असताना. त्याले म्हणा, रविवारी तोडणीले ये. एक ओळ तुही, एक माही. तोडता तोडता काय बोलते ते पाहू."

"कामाच्या वेळी?" अश्विन म्हणाला. "अन् परिपत्रक?"

"मोगऱ्याले लागू नाई."

तो मोठ्यानं हसला, ओट्यावरून हसायचा तसा. "केव्हा येऊ?"

"उजाडाच्या आधी. अन् बिल्ला रविवारपर्यंत माह्याकडंच राहीन."

दोघं उठले. मावशीचं घर चालत जाण्याच्या अंतरावर होतं, आणि त्यांनी जरा लांबची वाट धरली. अश्विन बोलू लागला. आधी अडखळत, मग सरळ, मग थांबेचना: आईबद्दल, बाबांच्या डाकेच्या पिशवीबद्दल, एसटीच्या खिडकीबद्दल. रूपाली ऐकत होती. मोबाईल तिच्या पर्समध्येच होता. वाटेत किती वाजले, हे दोघांपैकी कोणी पाहिलं नाही.